टॉवेलाखालची किल्ली

सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका नवरीच्या बापाला विचारत होते, "मामा किती?"

बाप गोंधळला. तो लग्नाचं शूटिंग ठरवायला आला होता आणि त्याला वाटलं, मामांच्या आहेराचं काहीतरी असेल. तीन सख्खे आणि एक मानलेला, असं त्याने सांगितलं. त्यावर सरांनी मानलेला मामा नाचतो का, असं विचारलं. मग नवरदेव घोड्यावर येणार की गाडीतून, हळद एका घरची की दोन्हीकडची, बायका नाव घ्यायला लगेच तयार होतात की आग्रह करावा लागतो, असे एकामागून एक प्रश्न आले. आग्रहाला वेळ लागतो आणि वेळेला जागा लागते, हे सरांनी त्याला समजावून सांगितलं. सगळं ऐकून झाल्यावर डोळे मिटून, ओठ हलवत त्यांनी हिशेब केला, "दीडशे पुरे" म्हणाले आणि आतल्या खोलीत निघून गेले. बापाने भाऊंकडे पाहिलं. दीडशे काय, माणसं? भाऊंनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं की दीडशे जीबी, ते आमचं आतलं मोजमाप आहे, तुम्ही माणसं हजार बोलवा.

भाऊ म्हणजे स्टुडिओचे मालक. गारखेड्यात एका औषधांच्या दुकानावर हा स्टुडिओ होता. मी फुलंब्रीहून रोज एसटीने यायचे आणि दिवसभर लोकांची लग्नं कापायचे, जोडायचे, त्यांना सनई लावायचे. सर तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेले आणि भाऊ त्यांचे विद्यार्थी, तेही नापास झालेले. ज्या विषयात सरांनी त्यांना नापास केलं त्याच विषयाच्या कामासाठी भाऊ आता सरांना पगार देत होते, आणि तरी सर खोलीत आले की खुर्चीवरून उठून उभे राहत होते. बाहेर मालक म्हणून मिरवणारा हा माणूस सरांपुढे अजून मागच्या बाकावरच बसलेला असायचा.

ते दुष्काळाचे दिवस होते. पैठणला धरणाचं पाणी इतकं खाली गेलं होतं की बुडालेली देवळं वर आली होती, आणि आमच्या गिऱ्हाइकांना नेमकं त्या देवळांपुढे हातात हात घालून फिरताना फोटो हवे असायचे. शहरात नळाला पाणी आठवड्यातून एकदा यायचं, तेही पहाटे, आणि त्याचा काही भरवसा नसायचा. आणि याच दिवसांत शहर मात्र चारी बाजूंनी सुटलं होतं. बीड बायपासला, चिकलठाण्याकडे, जिकडे बघावं तिकडे इमारती उठत होत्या आणि प्रत्येक इमारतीच्या फलकावर चोवीस तास पाण्याचं वचन लिहिलेलं असायचं. सरांनी एकदा अशाच एका फलकावरच्या नंबराला फोन लावून विचारलं होतं, की चोवीस तास म्हणजे आठवड्यातले कोणते चोवीस. तिकडच्या मुलीने साहेबांना विचारून सांगते म्हणून फोन ठेवला. सर पुढचे काही दिवस तिच्या फोनची मनापासून वाट पाहत होते. हा माणूस चेष्टा करतो आहे की गंभीर आहे, हे मला कधीच शेवटपर्यंत कळलं नाही.

सरांच्या गच्चीवर निळ्या पिंपांची रांग होती आणि त्यातलं एक पिंप ते कायम रिकामं ठेवायचे. दुष्काळात रिकामं पिंप झाकण लावून जपणारा माणूस गल्लीत चेष्टेचा विषय होणारच. सरांचं म्हणणं असं की बाकीचे लोक सगळी भांडी काठोकाठ भरून बसतात आणि नवीन पाणी आलं की जुनं 'शिळं' म्हणून रस्त्यावर ओतून देतात. पाणी आल्यावर जागा शोधायची नसते, जागा आधी करून ठेवायची असते. हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा. समोरच्या घरातल्या काकू त्यांना बघून मुद्दाम खिडकीतून तांब्याभर पाणी ओतायच्या, असा त्यांचा पक्का संशय होता.

आता आतल्या खोलीतल्या त्या काळ्या डब्याबद्दल सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्याच्यावरून घडलं. आमचं एडिटिंग साध्या कॉम्प्युटरवर चालायचं, पण झालेली सगळी लग्नं त्या एका डब्यात ठेवलेली असायची आणि तो डबा लिनक्सवर चालायचा. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. सरांनी मला ते प्लॉटच्या भाषेत समजावलं, कारण त्या काळात आमच्या शहरात कुत्र्याला हाकलतानासुद्धा लोक प्लॉटबद्दल बोलत होते.

ते म्हणाले, ही डिस्क म्हणजे एक प्लॉट. त्याला चारी बाजूंनी भिंत आणि एकच दार, दाराला कुलूप. डबा बंद करून कोणी पळवून नेला तरी कुलूप उघडल्याशिवाय त्याला आत लग्नं आहेत की नुसता पालापाचोळा, काहीही कळणार नाही. कुलूप उघडलं की आत खोल्या, एका लग्नाला एक खोली. उरलेली जागा मोकळी, ती कोणाचीच नाही. एखाद्या लग्नाला खोली पुरेना की त्या मोकळ्या जागेतून थोडी जागा तिला जोडून द्यायची. पण त्यांनी या खोल्यांना जी फरशी घातली होती ती फक्त वाढणारी होती. तिला मागे घेता येत नव्हतं. "वाढवता येतं, आटवता येत नाही," हे वाक्य सर दिवसातून इतक्यांदा म्हणायचे की पुढे पुढे भाऊ स्वतःच्या पोटावर हात ठेवून तेच म्हणायला लागले.

त्यामुळे जागा देताना सर कमालीचे चिक्कू. माझं काम भरात आलं की नेमकी जागा संपायची आणि मला आतल्या दारात जाऊन उभं राहावं लागायचं. काय संपवलंस, असं ते विचारायचे. वरात, असं मी सांगायचे. मग किती गाणी, नाचणारे घरचे की भाड्याचे, याची झडती व्हायची. मला संताप यायचा. वरात काय मी काढली होती? पण शेवटी ते कीबोर्डवर काहीतरी दोन ओळी टाइप करायचे आणि मी माझ्या जागेवर परत येईपर्यंत खोली वाढलेली असायची. काही बंद करायचं नाही, काही हलवायचं नाही, चालू कामात मागची भिंत आपोआप सरकलेली. इतकी वर्षं झाली तरी मला त्याचं नवल वाटतं.

एकाच लग्नाला त्यांनी सढळ हाताने जागा दिली होती. त्या लग्नात जेवणाच्या पंगतीवरून दोन्ही घरांत भांडण जुंपलं आणि नंतर दोन्ही बाजूंना, आधी कोण काय बोललं हे दाखवणारं सगळं शूटिंग न कापता हवं होतं. सरांनी ती खोली पुन्हा पुन्हा वाढवली. भांडणाला जागा द्यावी लागते, नाहीतर ते बाहेर येतं, असं ते म्हणाले. ते सगळं शूटिंग मात्र त्यांनी एकट्याने बसून चवीने पाहिलं.

लग्नाच्या व्हिडिओला एवढं कुलूप कशाला, हा प्रश्न कोणालाही पडेल. मलाही पडला होता. त्याचं कारण भाऊंनी मला एकदा एसटी चुकली तेव्हा थांब्यावर उभ्या उभ्या सांगितलं. मी कामाला लागण्याआधी तिथे एक कॅमेरावाला होता. त्याने एका नवरीची हळदीत बेभान होऊन नाचतानाची क्लिप मोबाईलवर चार दोस्तांना पाठवली. ती शहरभर फिरली आणि फिरत फिरत मुलीच्या सासरी पोचली. तिला तिथे काय ऐकावं लागलं ते कोणी सांगितलं नाही. फक्त तिचे वडील एक दिवस स्टुडिओत आले, भाऊंसमोर खुर्चीवर बसले, बराच वेळ काहीच बोलले नाहीत आणि तसेच उठून गेले. सर तेव्हा कधीमधी मदतीला यायचे आणि त्या दिवशी ते तिथेच होते. दुसऱ्या दिवसापासून ते रोज यायला लागले आणि त्यांनी तो काळा डबा उभा केला.

कुलूप उघडायचा शब्द फक्त सरांना माहीत होता. डबा बंद करून चालू केला की तो शब्द टाइप करावा लागायचा, आणि आमच्याकडे वीज जाण्याचं प्रमाण बघता ते वरचेवर करावं लागायचं. सर खुर्चीवर बसायचे, खांद्यावरचा टॉवेल दोन्ही हातांवर आणि कीबोर्डवर पसरायचे, छताकडे बघायचे आणि टॉवेलाखाली दहा बोटांनी सटासट टाइप करायचे. भूल दिलेल्या पेशंटवर डॉक्टर काहीतरी करतो आहे असं वाटायचं. त्या वेळी खोलीत कोणी बोललेलं त्यांना चालत नसे.

भाऊंचा जीव या शब्दात अडकला होता. शेकडो घरांची लग्नं एका म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात बंद, हे त्यांना झोपू देत नसे. अशा कुलपाला एकाहून जास्त किल्ल्या करता येतात, हे त्यांनी कुठूनतरी ऐकलं होतं. सणासुदीला सरांच्या पाया पडून झालं की ते विषय काढायचे.

"सर, एक किल्ली मला द्या ना. देव न करो, तुम्हाला काही झालं तर?"

"मला झालं तर लग्नं बंद राहतील. संसार चालूच राहतील," सर म्हणायचे. "तुला दिली की तुझ्या मेव्हण्याला कळणार, अन् त्याला कळली की क्रांती चौकात कळणार."

यावर भाऊ चहा सांगायला उठायचे, कारण मेव्हण्याबद्दलचं सरांचं मत बरोबर होतं.

अशी आमची गाडी चालली होती आणि मग एका लग्नसराईत डबा भरत आला. जमिनी विकल्या गेल्या होत्या, हाती पैसा खेळत होता आणि लोक पाण्याच्या टँकरसोबत ड्रोनही मागवायला लागले होते. मोकळी जागा संपली, असं सरांनी स्वतः येऊन सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा शरमल्यासारखा झाला होता. भाऊंनी दुप्पट मोठी डिस्क आणली आणि तिला हळदी-कुंकू लावायला निघाले. सरांनी ते खोक्याला लावायला सांगितलं. जुन्या डिस्कमधलं सगळं जसंच्या तसं, कुलपासकट, नव्या डिस्कमध्ये उतरवायचं आणि मग तिच्यातली जास्तीची जागा वापरात घ्यायची, असं ते काम होतं.

त्याचाही एक क्रम होता आणि तो सरांनी मला पाढ्यासारखा म्हणायला लावला. भिंत, कुलूप, मोकळी जागा, खोली, फरशी. बाहेरून आत यायचं. आधी प्लॉटची भिंत सरकवायची, मग कुलपाला सांगायचं की आता एवढं सांभाळ, मग आतली मोकळी जागा मोजायची, मग खोली वाढवायची आणि सगळ्यात शेवटी फरशी. लोक फरशी विसरतात आणि मग जागा दिली तरी दिसत नाही म्हणून बोंबलत बसतात. सर हे सांगत असताना भाऊ मागे उभे होते आणि त्यांचेही ओठ हलत होते.

नवी डिस्क बसवायच्या दिवशी भाऊंनी सरांसाठी एक गंमत करून ठेवली. सरांचा जुना कीबोर्ड फार वाईट अवस्थेत होता. अक्षरं पार पुसलेली, चहा सांडून कडेच्या चाव्या चिकट झालेल्या. भाऊंनी तो आदल्या दिवशी मोडक्या ट्रायपॉडबरोबर भंगारवाल्याला देऊन टाकला आणि त्याच्या जागी एक नवाकोरा कीबोर्ड आणला. चपटा, आटोपशीर, आणि प्रत्येक अक्षराखाली लाल, हिरवा, निळा दिवा. सरांचे डोळे आता कमजोर झाले आहेत, त्यांना बरं पडेल, असं त्यांच्या मनात होतं. भाऊंच्या प्रेमाची जात अशीच होती, ते नेहमी काहीतरी विकत घेऊन यायचे.

दुपारची वेळ होती. बाहेर चिकलठाण्याच्या कारखान्यात काम करणारे एक काका बसले होते. त्यांची मुलगी नवऱ्याबरोबर त्याच संध्याकाळी दुबईला जायला निघणार होती आणि लग्नाचा व्हिडिओ तिच्या पर्समध्ये घालूनच तिला निरोप द्यायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. मी त्यांचं काम पूर्ण करून डब्यात ठेवलं होतं. फक्त डबा उघडायचा आणि पेनड्राईव्हवर घ्यायचं एवढंच उरलं होतं.

सरांनी चपला बाहेर काढल्या. नवा कीबोर्ड त्यांनी एकदा पाहिला. टॉवेल पसरला, छताकडे पाहिलं आणि टाइप केलं. डब्याने नकार दिला. त्यांनी पुन्हा टाइप केलं. पुन्हा नकार. तिसऱ्यांदा त्यांनी मान खाली घातली आणि मला दिसलं की टॉवेल आतून उजळला आहे. जुनाट पांढऱ्या टॉवेलातून लाल-हिरवे-निळे दिवे चमकत होते आणि सरांचे हात त्याखाली नुसते थांबले होते. मला इतकं हसू आलं की मी तोंडावर ओढणी धरली. मग सरांचा चेहरा पाहिला आणि हसू गेलं.

भाऊंनी जुनी डिस्क परत लावू म्हणून सुचवलं. तिलाही तेच कुलूप होतं. मग सरांनी हळूच, एखाद्या मुलाने घरचा अभ्यास विसरल्याचं सांगावं तसं सांगितलं, "शब्द पाठ आहेत रे. पण त्यात मधे आकडे पेरलेत मी. कुठं पेरलेत ते मला नाही माहीत. ते हाताला माहीत आहे."

आणि हाताला माहीत होता तो जुना कीबोर्ड, त्याच्या उंच चाव्या, त्यांच्यातलं अंतर. या चपट्या पाटीवर हात बिचकत होते आणि एकदा अक्षरांकडे बघितलं की उरलेलंही हरवत होतं. भाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी भंगारवाल्याला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला.

"हौ भाऊ, वो तो सुबेच चिकलठाणे गया," भंगारवाला शांतपणे म्हणाला. "उनो प्लास्टिक का दाना करते. बन गया होएंगा अब तक."

बाहेरचे काका केव्हा आत येऊन उभे राहिले होते ते कळलं नाही. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "म्हंजी माझ्या पोरीचं लगीन हाय का नाय आता?" त्यांनी विचारलं.

"लग्न आहे," सर म्हणाले. "दिसत नाही फक्त."

मला वाटलं आता काका चिडतील. पण ते खाली बसले आणि त्यांनी डोक्याला हात लावला. मुलीचे वडील स्टुडिओत येऊन असे गप्प बसलेले सरांनी याआधी एकदा पाहिले होते. त्यांनी मला सोडून सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं.

दार लागलं. सरांनी मला विचारलं, टायपिंगचा क्लास केला आहेस ना. फुलंब्रीला केला होता, परीक्षाही दिली होती. त्यांनी कीबोर्ड माझ्यापुढे सरकवला, टॉवेलाची घडी केली आणि बाजूला ठेवली. मग दोन्ही हात नुसत्या टेबलावर ठेवले, जसा जुना कीबोर्ड तिथेच आहे, आणि डोळे मिटले.

"बघ," ते म्हणाले.

त्यांची बोटं लाकडावर चालायला लागली. कोणतं बोट, वरच्या ओळीत गेलं की खालच्या, आकड्यांकडे कधी पोचलं, हे मी बघत होते. टायपिंग शिकलेल्या माणसाला बोटं वाचता येतात, पण सरांची बोटं जोरात धावायची. पहिल्यांदा माझं निम्मं सुटलं. मी पुन्हा करा म्हटलं. त्यांनी पुन्हा केलं, त्याच वेगाने, कारण हळू केलं की त्यांचं चुकत होतं. हळूहळू अक्षरं जुळली, अक्षरांचे शब्द झाले आणि मी ते वाचले. वाचले आणि मी मान खाली घातली. ते शब्द मी लगेच इथे सांगणार नाही, कारण त्या वेळी ते शेकडो घरांचं कुलूप होतं. मी ते टाइप केले, मधल्या आकड्यांसकट. डबा उघडला.

सरांनी माझ्याकडे न बघता भिंत, कुलूप, मोकळी जागा, खोली, फरशी असं सगळं काम त्याच क्रमाने, एकेक पायरी ओठातल्या ओठात म्हणत पूर्ण केलं. काका पेनड्राईव्ह छातीच्या खिशात ठेवून, खिशावर हात दाबून जिना उतरले. भाऊंनी बाहेरच्या देवाच्या फोटोला नमस्कार केला, मग सरांना केला आणि घाईघाईत मलाही करून टाकला.

त्यानंतर काही दिवस सर माझ्याशी बोलले नाहीत. मीही दुखावले. आपण माणसाचं काम करून द्यायचं आणि वर त्यानेच तोंड फिरवायचं, ही कुठली रीत? मग एका दुपारी त्यांनी मला आत बोलावलं. कुलपाला दुसरी किल्ली करायची होती. आधी त्यांनी आपला शब्द टाइप केला. तोपर्यंत भाऊंनी अख्खं शहर पालथं घालून त्यांना जुन्या घाटाचा उंच चाव्यांचा कीबोर्ड आणून दिला होता.

"आता तुझा शब्द टाक," सर म्हणाले. "मी बघत नाही."

ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. तेवढ्याने समाधान झालं नाही म्हणून टॉवेल स्वतःच्या डोक्यावरून पुढे ओढून घेतला. अख्ख्या तंत्रनिकेतनाला धाकात ठेवलेला माणूस नव्या नवरीसारखा टॉवेल घेऊन भिंतीपुढे उभा होता आणि मी माझा शब्द टाइप करत होते. आजवर माझ्यावर इतका विश्वास कोणी टाकला नव्हता, घरीसुद्धा नाही. हे मी त्यांना तेव्हा बोलून दाखवलं असतं तर त्यांनी मला बाहेर काढलं असतं.

भाऊ रुसले. मी मालक आहे, असं ते म्हणाले. म्हणूनच, असं सर म्हणाले.

पुढे सरांचे गुडघे गेले. पिंपं भरायला गच्चीचा जिना चढवेना, तेव्हा नाशिकची मुलगी येऊन त्यांना घेऊन जाणार असं ठरलं. जायच्या आदल्या दिवशी ते स्टुडिओत आले. भाऊंनी शाल आणि नारळ आणून ठेवला होता. सरांनी तिकडे बघितलंही नाही, सरळ आतल्या खोलीत आले.

"माझी किल्ली काढून टाक," ते मला म्हणाले.

मी म्हटलं, असू द्या की सर, कुणाचं काय अडतंय. ते चिडले. गेलेल्या माणसाची किल्ली ठेवायची नसते, एवढं शिकवूनही डोक्यात काही गेलं नाही का, म्हणाले. मी माझा शब्द टाकून त्यांची किल्ली काढली. काम झालं असं मी सांगितलं. तेवढ्यावर ते मानणार नव्हतेच. तपासल्याशिवाय झालं म्हणायचं नसतं, हेही त्यांचंच.

त्यांनी खुर्ची ओढली. टॉवेल खांद्यावरच राहू दिला. छताकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर उघड्या हातांनी आपला शब्द टाइप केला. आता तो कुठलंच कुलूप उघडत नाही, म्हणून सांगते. उठा, पाणी आलंय. मधे कुठे कुठे आकडे.

या शब्दाची किल्ली इथे नाही, असं डब्याने एका ओळीत कळवलं.

"बरोबर," सर म्हणाले. मग डब्याकडेच बघत म्हणाले, "पहाटे ती असंच उठवायची मला. हाताला धरून नाही, पायापाशी उभी राहून. मी झोपेतच कळशी घ्यायचो."

सरांची बायको जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. वीज गेली आणि आली की हा माणूस टॉवेलाखाली हात घालून तिची हाक टाइप करत होता, आणि आम्ही त्याच्या टॉवेलाला हसत होतो. मला रडू आवरेना.

सरांनी पुन्हा एकदा तेच टाइप केलं. पुन्हा नकार आला. किल्ली गेल्याची खात्री पहिल्याच वेळी झाली होती, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. तरी त्यांनी हात परत चाव्यांवर ठेवले, डोळे मिटले आणि या वेळी अगदी सावकाश, एकही आकडा न घालता, नुसतं ते वाक्य टाइप केलं.